शुगर ‘निघाली’ : सहा गावांची तीस वर्षांची नोंदवही

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात बीबी नावाचे गाव आहे. तेथे, आणि खरे पाहता अवघ्या वऱ्हाडात, मधुमेहाविषयी बोलताना एक क्रियापद सर्रास वापरले जाते. त्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. ताप येतो, थंडी वाजते, लकवा मारतो, पूर्वी देवी येत आणि पटकी लागे. पण शुगर ‘निघते’. ‘अण्णाले शुगर निघाली’ असे म्हणणाऱ्याच्या मनात कोणताही सिद्धान्त नसतो. तरी मराठीत ‘निघणे’ हे क्रियापद आधीपासून आत असलेल्या वस्तूसाठी योजले जाते. विहिरीला पाणी निघते, माळ्यावरच्या पेटीतून जुनी वही निघते, हिशेब तपासताना आपल्या नावावर देणे निघते. रोग बाहेरून आला नाही; तो आतच होता, तपासणीच्या दिवशी केवळ दिसला, एवढे सगळे या एका क्रियापदात आहे. तो आत केव्हापासून होता, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगभरच्या संशोधकांची सत्तर-पंचाहत्तर वर्षे गेली. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग महाराष्ट्रातल्या सहा खेड्यांत लिहिला गेला. मराठी वाचकाला तो इतिहास जेवढा ठाऊक असायला हवा तेवढा नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

एकाएकी येणाऱ्या आजाराला साक्षीदार पुष्कळ मिळतात. २० फेब्रुवारी २०२४ रोजी लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादातून विषबाधा झाली, आणि शेकडो माणसे बीबीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे धावली. खाटा पुरणे शक्यच नव्हते. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या गेल्या आणि ते दृश्य दुसऱ्या दिवशी देशभर पाहिले गेले. पुढच्या जानेवारीत याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावात पोचले. अशा घटनांना तारीख असते, छायाचित्र असते, चौकशी असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना यांपैकी काहीच लाभत नाही. वीस-तीस वर्षे ते माणसाच्या सोबत निमूटपणे चालतात. त्यांची गोष्ट सांगायची, तर सांगणाऱ्यालाही तेवढीच वर्षे सोबत चालावे लागते.

जुन्या सरकारी दप्तरात या गोष्टीला जागा नव्हती. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई आणि ती नोंदली जाई. आज तीच दप्तरे ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जातात, आणि महसुली भाषेत गाव नमुना क्रमांक १४. मृत्यूच्या कारणाचे रकाने वसाहतकालीन आरोग्य खात्याने ठरवून दिलेले असत : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात, आणि उरलेले सारे ‘इतर’. या ‘इतर’ची व्याप्ती लक्षात घेण्यासारखी आहे. साठीच्या आत छातीत कळ येऊन गेलेला पाटील त्यात आहे, पायाची जखम न भरल्यामुळे गेलेला सावकार त्यात आहे, आणि ‘वय झाले होते’ एवढ्यावर ज्यांची बोळवण झाली ती असंख्य म्हातारी माणसेही त्यातच आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी ही दप्तरे पुन्हा उघडली गेली आणि जीर्ण पानांवरच्या मोडीतल्या नोंदी भिंग लावून वाचल्या गेल्या. शोध होता तो जातीच्या रकान्याचा. त्याची निकड आम्हांला समजते. पण मूल किती वजनाचे जन्मले हा रकानाच त्या कागदावर नव्हता, हेही तेव्हाच जाणवले.

तो रकाना दुसऱ्या एका देशातल्या एका परगण्यात होता. इंग्लंडमधील हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्यसेविकेने प्रशिक्षित परिचारिकांची एक व्यवस्था उभी केली होती. त्या घरोघर जात, तान्ह्या मुलाचे जन्माचे वजन आणि वर्षाच्या अखेरचे वजन वहीत टिपत. पुढे त्या वह्या दप्तरखान्यात पडून राहिल्या. डेव्हिड बार्कर या साथरोगतज्ज्ञाने ऐंशीच्या दशकात त्यांचा माग काढला, आणि वहीतल्या बाळांपैकी कोण कधी व कशाने गेले याचा ताळा घेतला. १९८९ मध्ये त्याच्या गटाने १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांची हकिकत प्रसिद्ध केली. जन्मतः आणि वर्षाचे असताना जी मुले सर्वांत हलकी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. मधुमेहाच्या बाबतीतही असेच चित्र दोनच वर्षांनी पुढे आले.

त्याआधीची चार दशके दुसऱ्याच एका विचाराचा अंमल होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्याचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही त्यात आली. ‘जोखीम घटक’ हा शब्दप्रयोग आज वर्तमानपत्री आरोग्य-सदरांतही असतो. तो रूढ झाला या गावामुळे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा हे त्या कथेतले खलनायक. फ्रेमिंगहॅमच्या कथेचा आरंभ प्रौढ वयात होतो आणि तिचा नायक आपल्या सवयींना स्वतः जबाबदार असतो. आपल्याकडच्या ‘शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार’ या समजुतीशी ती सहज जुळली. मग दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या, पोट पाठीला लागलेल्या माणसाला शुगर निघाली की घरच्यांना ते पटेना आणि डॉक्टरलाही कोडे पडे.

हे कोडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या समोर रोज येऊन बसत होते. पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णिलेला मधुमेही स्थूल आणि उतारवयाचा असे. त्यांच्याकडे येणारा तुलनेने तरुण आणि वरकरणी सडपातळ, पोट मात्र किंचित सुटलेले. बार्करच्या वह्यांची वार्ता येथे पोचली तेव्हा, याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या जन्मवजनाच्या नोंदी हाताशी होत्या. (दक्षिणेत म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयातही १९३४ पासूनच्या अशा नोंदी निघाल्या. जुने कागद न जाळणाऱ्या कारकुनांचे विज्ञानावर केवढे उपकार आहेत, यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवे.) पुण्याची ती मुले चार वर्षांची असताना आणि पुन्हा आठ वर्षांची झाल्यावर तपासली गेली. जन्मतः लहान असलेली आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुले सर्वाधिक जोखमीत आढळली. इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण त्या कोवळ्या वयात रक्तात उमटली होती.

जुन्या वह्यांची एक मर्यादा असते. आईने गरोदरपणात काय खाल्ले, किती पाणी वाहिले, तिच्या रक्तात काय होते, हे त्या सांगत नाहीत. म्हणून १९९३ मध्ये पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या सहा कोरडवाहू, अवर्षणप्रवण गावांत एक नवी वही उघडली गेली. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हे तिचे अधिकृत नाव. जमीन अगदी नवी नव्हती. याच रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते, आणि या भागात के. ई. एम. हे नाव परके राहिले नव्हते. ब्रिटनमधील साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव ही या कामातली आणखी दोन महत्त्वाची नावे.

वही उघडली ती गर्भधारणेच्याही आधी, हे या अभ्यासाचे वेगळेपण. मूल होण्याच्या वयाच्या २,४६६ स्त्रियांची नोंद झाली. क्षेत्रसेविका दर महिन्याला घरी जात आणि पाळीची तारीख विचारत. हे वाक्य लिहायला सोपे आहे. नव्वदच्या दशकातल्या खेड्यात, सासू ओसरीवर बसलेली असताना, सुनेला दरमहा हा प्रश्न विचारणे आणि तिने त्याचे खरे उत्तर देणे हे कोणत्या विश्वासावर घडत असेल, याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. पाळी चुकली की सोनोग्राफी, रक्ततपासणी, चोवीस तासांच्या आहाराची विचारपूस, दिवसभराच्या कामांची मोजदाद. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत सेविका बाळापाशी हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि चिमट्यासारख्या उपकरणाने मोजलेली त्वचेची घडी. शोधनिबंधांच्या शीर्षस्थानी या स्त्रियांची नावे नसतात. आमच्या मते या नोंदवहीच्या खऱ्या लेखिका मात्र त्याच आहेत, त्या सेविका आणि उत्तरे देणाऱ्या त्या आया.

जे हाती आले ते विलक्षण होते. या आयांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास. बाळे सरासरी २.७ किलोची. साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. बाळ लहान असणे यात नवल नव्हते, नवल होते ते कशात लहान आहे यात. पोटाचे अवयव आणि स्नायू यांत पुण्याचे बाळ फार मागे होते. पाठीवरच्या चरबीत मात्र जवळजवळ बरोबरीला. पातळ अंगाचे हे मूल आतून मेदाळ होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचे वर्णन ‘पातळ-मेदाळ भारतीय बाळ’ अशा अर्थाच्या शब्दांत आले आणि जगभर रूढ झाले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एका पानाचा, काहीसा मिश्कील असा तो मजकूर. वजनकाट्यावर विसंबून राहणाऱ्यांना त्याने जे समजावले, ते मोठमोठ्या ग्रंथांना साधले नसते.

येथे एका धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे. रोगाचे मूळ गर्भात आहे असे म्हटले की बोट आईकडे वळते. आपल्या समाजात ते वळायला निमित्तच हवे असते. पण ही नोंदवही नीट वाचली तर तिच्यात आईवर आरोप सापडत नाही. तिची बाजू सापडते. गरोदर स्त्रियांचा आहार दिवसाला सुमारे १,७७० कॅलरींचा होता, म्हणजे कमीच. तरी एकूण कॅलरी किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध स्पष्ट जुळला नाही. तो जुळला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. भाकरी किती यापेक्षा भाकरीसोबत ताटात काय, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरला. आणि घरातल्या शेवटच्या पंगतीत जेवणारीच्या ताटात काय उरते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. वऱ्हाडात पावसाळ्यात चिवळ, घोळ, तरोटा, अंबाडी या भाज्या बांधावर फुकट मिळत; तणनाशकाच्या फवाऱ्यांपुढे त्या कितपत टिकतील ते पाहायचे. दुसरी नोंद श्रमाची. पाणी भरणे, धुणे धुणे, शेतातली कामे यांचा भार ज्यांच्यावर अधिक, त्यांची बाळे अधिक लहान. हे वाचल्यावर ‘बसून खाणाऱ्यांचा आजार’ या वाक्याचे काय उरते? बसायला न मिळालेल्या आईचे मूल तो आजार घेऊन येत होते.

आणखी एक निष्कर्ष अवघड जागी बोट ठेवणारा होता. जवळजवळ दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. मांसाहार क्वचित, दूध थोडे, असा आहार असला की ते कमी पडते. उलट फोलेट मात्र पुरेसे होते. शासकीय कार्यक्रमातून गरोदर स्त्रियांना लोहासोबत फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळत असतात. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले, की ज्यांच्या आयांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी होती, त्यांच्यात इन्शुलिनला होणारा विरोध सर्वांत अधिक होता. २००८ मधील या निबंधामुळे बरीच चर्चा झाली. गोळ्या वाईट, असा त्याचा अर्थ काढणे चूक आणि घातकही. पांडुरोगाने आणि रक्तस्रावाने मरणाऱ्या आयांसाठी त्या आहेत. एकच उणीव हेरून भरून काढताना तिच्या शेजारची उणीव झाकून जाऊ शकते, एवढेच आम्ही त्यातून वाचतो. निरीक्षणातून दिसलेला संबंध हा कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, हे संशोधकांनाही ठाऊक होते. म्हणून २०१२ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. १९९४-९६ मध्ये जन्मलेली तीच मुले किशोरवयात असताना त्यांना ब-१२ देऊन, पुढे त्यांना होणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो हे पाहणारी चाचणी सुरू केली. ‘प्रिया’ हे तिचे आद्याक्षरी नाव. तिसऱ्या पिढीचे पान असे उघडले गेले.

दरम्यान दुसरी पिढी अठरा वर्षांची झाली. तपासणीला सहाशेहून अधिक जण आले, आणि २०२१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची रक्तशर्करा सामान्य पातळीच्या वर होती. त्यांचा सरासरी उंची-वजनाचा निर्देशांक वीसच्याही खाली होता. म्हणजे ही लठ्ठ मुले नव्हती. मागे वळून पाहता त्यांतल्या पुष्कळांच्या उपाशीपोटीच्या साखरेने सहाव्या आणि बाराव्या वर्षीच इशारा दिलेला होता. त्याही मागे गेले तर सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाची वाढ मंद दिसत होती. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, जो आजोबांचा आजार मानला जातो तो ‘निघण्या’च्या बेतात होता. हे एकाच व्यक्तीची पाने सलग लावल्याखेरीज दिसले नसते. कुठल्याही एका दिवशी केलेल्या पाहणीत तो केवळ एक किडकिडीत मुलगा ठरला असता.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे सुश्रुताची आठवण होईल, आणि व्हावी. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक ‘सहज’, मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला, ज्याचा रुग्ण कृश असतो, दुसरा अपथ्यातून आलेला, ज्याचा रुग्ण स्थूल असतो. कृश मधुमेही आपल्या परंपरेने पाहिलेला होता, ही नोंद आनंदाने करावी. मात्र त्यावरून ‘आमच्याकडे सगळे होतेच’ असा सूर लावणे आम्हांला मान्य नाही. बीजदोष जन्माने ठरतो, तो बदलत नाही. सहा गावांची वही ज्याविषयी बोलते ते ताट, हंडा आणि विश्रांती ही बदलता येण्याजोगी आहेत.

महाराष्ट्रात अशा आणखी वह्या आहेत. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत १९९१ पासून, चक्क मतदार याद्या हाती घेऊन, पस्तिशीपुढच्या सुमारे दीड लाख माणसांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवण्यात आल्या, आणि पुढे त्यांचा माग ठेवला गेला. सुरुवातीच्या नोंदींतील निम्म्याहून अधिक स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. जवळपास सर्व जणी मिश्रीसारख्या धूरविरहित प्रकारात. ज्या गोष्टीला घरात व्यसन हा शब्दही लागत नव्हता, ती मृत्यूच्या हिशेबात दिसू लागली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरच्या पंचेचाळीस वर्षांपुढील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पहिली पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ओळखला जाणारा हा वृद्धत्वाचा अभ्यास, त्याच माणसांकडे पुनःपुन्हा जाण्याच्या बेताने आखलेला आहे. वृद्धत्वाची वही पंचेचाळिसाव्या वर्षी उघडावी की गर्भात, हा वाद नाही. पहिल्या वहीत देणे निघते, दुसरीत ते कधी चढले ते कळते.

या अभ्यासांना खेड्यात जो पहिला अडसर येतो तो वयाचा. ‘आजी, वय किती?’ या प्रश्नाला बीबीकडच्या थोरल्या पिढीत आकड्याने उत्तर क्वचितच मिळते. ‘बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडाले जात होतो, थोरला पोटात होता’, असे उत्तर मिळते. पाहणी करणारा या वाक्यावरून वर्षांचा हिशेब मांडतो आणि कागदावर एक संख्या लिहितो. पण ते वाक्य संख्येपेक्षा कितीतरी अधिक सांगते. दुष्काळी कामावर खडी फोडणारी गरोदर बाई, मिळाली तर सुकडी, आणि मिलोची लाल भाकर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्यांचा मागोवा संशोधकांनी त्यांच्या म्हातारपणापर्यंत घेतला. त्यांच्यात रक्तशर्करेचे विकार अधिक आढळले. आजीचा तो थोरला आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आणि उंबरठ्यावर असलेल्यांची साडेतेरा कोटींवर सांगितली गेली; त्यांत तो असेल किंवा नसेल. त्याच्या जन्माचे वजन कुणी केलेले नाही. सुईणीने हातावर तोलून ‘लहानच हाय, पन जगन’ म्हटले असेल, तर तेवढीच नोंद.

त्याच्या नातीचे मात्र माता-बाल संरक्षण कार्ड आहे. त्यावर जन्मवजन ग्रॅममध्ये लिहिले आहे, मागच्या बाजूला अंगणवाडीच्या वजनांचे ठिपके जोडणारी रेघ आहे. लसीकरण संपले की असे कार्ड लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या आणि रेशनकार्डाच्या खाली जाते.